वरून मीठ कायले?

गोड पदार्थावर मीठ भुरभुरायचं, ही सूचना आमच्या अमरावतीच्या घरात आली तेव्हा ती चर्चेलाही न घेता फेटाळण्यात आली. सूचना मांडणारी पुतणी पुण्याला हिंजवडीत नोकरी करते. तिच्या मताला घरात मान आहे. फ्रीज कोणता घ्यायचा, विमा कुठला काढायचा, हे तिलाच विचारतात. पण हा मान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपतो, आणि दिवाळीत तर त्याच्या चार हात अलीकडेच. आत मोठीमायचं राज्य. मोठीमायचे गुडघे गेलेत, दिसतं कमी, पण चकली काढायची वेळ झाली का हे ती तेलाच्या नुसत्या वासावरून, बाजेवर बसल्या बसल्या सांगते. तिनं पुतणीचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काऊन वं, साखर जास्त पडली का त्याच्यात?"

पुतणीनं समजावलं, की हा बिघडलेल्या पदार्थावरचा इलाज नाही, पदार्थच तसा आहे. अमेरिकेत नाताळला घरोघर करतात. खारी बिस्किटं ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून मांडायची. लोणी आणि ब्राऊन शुगर एकत्र उकळून तो पाक बिस्किटांवर ओतायचा. ट्रे पाच मिनिटं ओव्हनमध्ये सरकवायचा. बाहेर काढला की गरम पाकावर चॉकलेट पसरायचं, त्यावर जाडसर मीठ शिंपडायचं आणि सगळं गार झालं की हातानं मोडून वाढायचं.

"मोडून?" मोठीमायला मिठापेक्षा हे जास्त लागलं. आमच्याकडे मोडकी करंजी पाहुण्याच्या ताटात जात नाही. ती पोरांना देतात, किंवा ती करणारीला कोपऱ्यात उभ्या उभ्या खावी लागते. इथं आख्खा पदार्थच मोडून पाहुण्यापुढे ठेवायचा, आणि वर त्याची तारीफ ऐकायची!

अखेर तोडगा निघाला. भाऊबीजेला सगळ्या बहिणी, जावई, पोट्टे जमतात, तेव्हा हा एक ट्रे करायचा. पण फराळातलं काहीही कमी करायचं नाही. आमच्या घरात कोणतीही सुधारणा याच अटीवर मंजूर होते. जुनं सगळं चालू ठेवा, मग नवं काय करायचं ते करा.

खरेदीला पुतणीबरोबर मी गेलो. यादीत पहिलंच होतं, बिनमिठाचं बटर. अमरावतीत कुठल्याही किराणा दुकानात अमूल बटर मिळतं आणि ते खारं असतं. राजापेठेतल्या दुकानदारानं फ्रीजमधून खारी वडी काढून ठेवली. बिनमिठाचं पाहिजे म्हटल्यावर त्यानं काळजीनं विचारलं, "डॉक्टरनं सांगतलं का?"

"नाही हो काका, त्याच्यावर वरून मीठ टाकायचंय," पुतणी म्हणाली.

दुकानदार हातातल्या वडीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. घरातला मोठा माणूस सोबत असून हे चाललंय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "मंग याच्यात हाये ना आधीच," तो म्हणाला. "काढाचं कायले न् टाकाचं कायले?" या प्रश्नाला पाश्चात्त्य पाककलेत उत्तर असेलही. आम्हा दोघांकडे नव्हतं. खारं बटर घेतलं.

पुढची ओळ मिठाची. कृतीला साधं मीठ चालत नाही. पापुद्र्याचं समुद्री मीठ लागतं, इंग्लंडात एसेक्सला माल्डन गावी होतं तसं. ते आम्ही मागितलंच नाही, कारण दुकानदाराशी संबंध टिकवायचे होते. लोणच्याचं खडेमीठ घेतलं. बिस्किटांचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. अमेरिकेत या कामाला जी खारी क्रॅकर बिस्किटं वापरतात, त्यांचं काम आपल्याकडे पार्लेचं मोनॅको बिनतक्रार करतं. त्याच्या पाठीवर मिठाचे कण आधीच दिसतात. म्हणजे बिस्किटात मीठ, बटरमध्ये मीठ आणि वरून मीठ. गोड पदार्थाची ही तयारी बघून मला पापडाच्या पिठाची आठवण झाली.

चॉकलेट घ्यायला केकच्या सामानाच्या दुकानात जावं लागलं. अमरावती-अकोल्यात घरी चॉकलेटं करून विकणाऱ्या बायकांची कमी नाही, आणि त्या सगळ्या 'डार्क कंपाउंड'ची लादी नेतात. पुतणीला खरं चॉकलेट हवं होतं. दुकानातल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं. खऱ्या चॉकलेटात कोकोचं लोणी असतं आणि ते 34 अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे दिवाळीतही दुपारी गच्चीवर उभं राहून बघा. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपुढे गेला की चॉकलेट सोडा, माणूसच आकार धरून राहत नाही. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पतिजन्य तेल घालतात. त्यामुळे ते उन्हात जरा जास्त तग धरतं आणि वितळवून पुन्हा गोठवायला फार लाड करावे लागत नाहीत. चवीला खरं चॉकलेट सरस, यात वाद नाही. पण वऱ्हाडात पदार्थानं आधी टिकायचं असतं, चव नंतर.

ओव्हनची अडचण वेगळीच निघाली. ओव्हन घरात आहे. त्यात पापड ठेवलेले आहेत. पावसाळ्यात दमट होऊ नयेत म्हणून मोठीमायनं ठेवले आणि ती जागा त्यांना मानवली. पापड हलवणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मग ठरलं, की पाक गॅसवरच पूर्ण कडक करायचा आणि बिस्किटांवर ओतायचा. ओव्हन रद्द.

पुतणीनं थर्मामीटर आणला होता. कृतीप्रमाणे पाक साधारण 150 अंशांवर जायला हवा. त्याच्या आधी उतरवला तर तो दाताला चिकटतो, फार पुढे गेला तर कडू होतो. ती थर्मामीटर कढईत धरून उभी, आकडा वाचतेय, आणि इकडे बाजेवरून मोठीमायला उकळीचा आवाज ऐकून राहवेना. दुसऱ्याच्या हातून पाक बिघडताना स्वस्थ बसणं तिच्या पिढीला शिकवलेलंच नाही. गुडघ्यावर हात ठेवत ती उठली, एक ताटली घेतली, तीत गार पाणी ओतलं आणि म्हणाली, "ते काच बाजूले ठेव."

उलथन्याच्या टोकावरून तिनं एक थेंब पाण्यात सोडला. तो पसरला. तिनं बोटानं गोळा करून बघितला, मऊ गोळी झाली. "नाई." थोडं थांबून दुसरा थेंब. गोळी जरा घट्ट झाली, पण चिमटीत दबली. "नाई." पाकाचा रंग आता बदामी झाला होता, कडेनं बटरचा फेस येत होता आणि घरभर असा वास सुटला होता की बाहेरच्या खोलीतले लोक कामं काढून आत डोकावून जात होते. तिसरा थेंब पाण्यात पडला तो तारेसारखा आखडून बसला. मोठीमायनं तो उचलून ताटलीच्या कडेवर आपटला. टक्क. "उतरव आता." पुतणीनं हळूच थर्मामीटर बघितला. काटा 150 ला एक केस कमी होता.

त्या क्षणापासून पदार्थ मोठीमायचा झाला. बिस्किटांवर पाक कसा ओतायचा, कडेची बिस्किटं कोरडी का राहू द्यायची नाहीत, चॉकलेटचे तुकडे गरम पाकावर टाकून दोन मिनिटं झाकण का ठेवायचं, हे सगळं ती सांगू लागली. आयुष्यात हा पदार्थ पहिल्यांदाच बघत होती, त्यामुळे तिला कुठेच शंका नव्हती.

एवढ्यात अकोल्याहून आत्या आली. अमरावती ते अकोला रस्ता आता चांगला झालाय. 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग करून गिनेस बुकात नोंद झाली. तेव्हापासून अकोल्याचे नातेवाईक वेळेच्या आधी पोहोचतात. हा त्या विक्रमाचा एक परिणाम आहे, ज्याचा उल्लेख त्या बातम्यांत नव्हता. आत्यानं पिशवी ठेवली, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात आली तेव्हा पुतणी खलबत्त्यात खडेमीठ कुटत होती. कशासाठी, ते कळल्यावर आत्या म्हणाली, "वरून मीठ कायले टाकता बाप्पा? आमच्याकडे तं विहिरीतूनच येते."

आत्याचं सासर पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलाय. जमीन काळीशार, कपाशीची, पण खालचं पाणी खारट. विहीर खणली तर मिठाचं पाणी लागतं. त्यात डाळ शिजता शिजत नाही. आत्या नवी नवरी म्हणून गेली तेव्हा तिथला पहिला चहा तिनं कसा गिळला, ते ती अजून हावभावासह सांगते. साखर भरपूर आणि पाणी खारं. आता वान धरणाचं पाणी 84 खेडी योजनेतून तिकडच्या गावांना जातं, पण जुनी माणसं त्या चवीला विसरत नाहीत.

या पाण्यानं एकदा मोठं कामही केलंय. 1930 साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण होती. कायदा मोडायची तयारी पुरेपूर, पण समुद्र शेकडो मैलांवर. मग अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी खाऱ्या पाण्यातून मीठ काढलं आणि समुद्राशिवाय मिठाचा सत्याग्रह केला. एरवी ज्या पाण्याला आपण नाकं मुरडतो, त्याच पाण्यानं तेव्हा इंग्रजाला चव दाखवली. आत्या ही गोष्ट सांगते तेव्हा असं वाटतं की मीठ तिनंच काढलं होतं. थोडक्यात, मिठाच्या बाबतीत वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही पुतणी शिकवत होती, आणि आत्याला ते बघायला आवडत होतं.

पुतणी म्हणाली, फ्रान्सात ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिकडे लोण्यात मीठ घालायची जुनी रीत. बाकी फ्रान्सात राजा मिठावर जबरी कर घ्यायचा, ब्रिटनीला तो माफ होता, म्हणून तिथल्या लोकांना मीठ सढळ हातानं वापरता आलं. त्या खाऱ्या लोण्याचं कॅरॅमल 1977 मध्ये किबरॉनच्या ऑन्री ल रू नावाच्या हलवायानं बाजारात आणलं आणि तिथून जगभर खारं कॅरॅमल, खारं चॉकलेट सुरू झालं.

आत्यानं ऐकून घेतलं. "म्हंजे तिथंबी मिठाचाच कर," ती म्हणाली. "तेच तं आपलं."

संध्याकाळी ट्रे गार झाला. फ्रीजमध्ये त्याला जागा मिळवणं सोपं नव्हतं. दूध, श्रीखंडाचे डबे आणि कुणाची तरी इन्सुलिन यांचा त्यावर आधीचा हक्क होता. शेवटी कोथिंबिरीची, म्हणजे आमच्या सांबाराची, जुडी बाहेर आली, ट्रे आत गेला, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी "सांबार बाहेर कुणी ठेवला?" असं ओरडू लागलं.

भाऊबीजेला घर भरलं. ओवाळणी झाली, ताटात पैसे पडले, ते किती पडले हे न मोजता बहिणींनी नजरेनं मोजले, आणि फराळाबरोबर पुतणीचा ट्रे आला. चॉकलेटचे तुकडे, वर पांढरे कण. आधी कुणी हात लावेना. मुलांनी तुकडे उचलले, वरचं चॉकलेट चाटलं आणि खालचं बिस्किट सोफ्याच्या फटीत सुपूर्द केलं. मग मोठी माणसं पुढे आली.

सोफ्यावर दोन काकाजी शेजारी बसले होते. एकाला शुगर, दुसऱ्याला बीपी. शुगरवाल्यांचं म्हणणं, याच्यावर मीठ आहे, म्हणजे साखरेचा जोर कमी झालेला असणार. बीपीवाल्यांचं म्हणणं, याच्यात साखर आहे, म्हणजे मिठाचं बाधत नसणार. खरं तर तो पदार्थ दोघांनाही वर्ज्य होता, पण दोघांनी एकमेकांना धीर देत बराच संपवला. त्यांच्या पलीकडे एक काकाजी, जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "जलसंजीवनी!"

त्यांचं चुकत नव्हतं. उभी नोकरी त्यांनी खेडोपाडी हेच सांगितलं होतं, की हगवण लागली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाण्याला बरोबर नेतात. म्हणून नुसतं पाणी पिऊन जे होत नाही ते या पाण्यानं होतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पिंपं भरभरून पाजलं आणि माणसं वाचली. काकाजी हे सांगत होते तेव्हा फराळ करता करता सगळे हगवणीवर आले होते. पण आमच्याकडे कोणत्याही पंगतीत ही वेळ कधीतरी येतेच.

एका काकूंनी विचारलं, "सैंधव टाकलं असतं तं चतुर्थीले चाललं असतं का?" बिस्किट मैद्याचं आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर त्या म्हणाल्या, "थो खाली हाये ना, वरचं खाऊ." मोर्शीच्या मामांनी वर संत्र्याची साल किसून टाकायला सुचवलं. संत्री आमच्या वरुड-मोर्शीची आणि नाव नागपूरचं, हे त्यांचं जुनं दुःख आहे. निदान चॉकलेटात तरी अमरावतीचं नाव लागू द्या, असा त्यांचा आग्रह. सूचना चांगली आहे, चॉकलेटला संत्र्याची साल लागतेच छान. पण तोवर ट्रे अर्धा झाला होता.

खामगावच्या जवाईबापूंनी येताना शेगावची कचोरी आणली होती. त्यांनी तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "वेगळं आहे." सासुरवाडीत जवाईबापूंना पदार्थाला नाव ठेवता येत नाही आणि खोटं बोललं तर पुढच्या वेळी तोच पदार्थ दुप्पट वाढतात. यातून त्यांनी काढलेली ही वाट. पण मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला, आणि वऱ्हाडात मत हे तोंडानं दिलेलं धरत नाहीत, हातानं दिलेलं धरतात.

हे सगळं चाललेलं असताना आत्या काय करत होती, ते मी बघत होतो. तिनं चॉकलेटचा तुकडा ताटलीत चिवड्याशेजारी ठेवला. एक घास चॉकलेट, वर चिमूटभर चिवडा. मग जरा लाडू, मग पुन्हा चिवडा. उन्हाळ्यात ती आमरसाच्या वाटीत तळलेली कुरडई मोडून टाकते, तेच हे. रस गोड, कुरडई खारी आणि कुरकुरीत. अख्खं वऱ्हाड उन्हाळाभर हे खातं आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही, नाव देतही नाही. मला वाटतं आपल्यात आणि अमेरिकेच्या ट्रेत फरक आहे तो एवढाच. गोड-खारट एकत्र चालतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण ते एकत्र करायचा हक्क आपण खाणाऱ्याला दिलाय. ताटात मीठ डाव्या हाताला वेगळं वाढतो. फराळात लाडू आणि चिवडा शेजारी ठेवतो. कुणी किती मिसळायचं ते ज्यानं त्यानं आपल्या तोंडात ठरवायचं. त्या ट्रेत हे प्रमाण आधीच ठरवून येतं, आणि वऱ्हाडी माणसाला दुसऱ्यानं ठरवलेलं प्रमाण पटायला वेळ लागतो.

आणि गोडात मीठ आपण घालत नाही असंही नाही. त्या रात्री मोठीमायनंच सांगितलं, की पुरणात ती चिमूटभर मीठ घालते. शिऱ्यातही. तिच्या सासूनं शिकवलं होतं. चिमटीभर मिठानं गोडाला उठाव येतो, कडवटपणा मागे सरतो. पुतणीनं विचारलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? मोठीमाय म्हणाली, "सांगाचं कायले? खाणाऱ्याले गोड लागलं म्हंजे झालं." अमेरिकन माणूस मीठ वर शिंपडून सगळ्यांना दाखवतो. आमच्याकडे ते गुप्तदानात मोडतं.

आता हा पदार्थ आमचा होणार का? माझं मत, होईल. शेगावची कचोरी तरी कुठं इथली? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती शेगाव स्टेशनावर सुरू केली आणि आज तिच्याशिवाय वऱ्हाडातलं पाहुणपण पुरं होत नाही. वऱ्हाड नव्या पदार्थाला आधी हसतं, मग त्याला सल्ले देतं, आणि सल्ले देऊन झाले की आपला म्हणतं. ट्रेच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या एका दिवाळीत झाल्यात.

तुम्ही करणार असाल तर एवढं ऐका. खारंच बटर घ्या, म्हणजे दुकानदाराशी वाद होणार नाही. बिस्किट मोनॅको, चॉकलेट कडवट, पाक टक्क वाजेपर्यंत. वरचं मीठ हात आखडूनच टाका, कारण बिस्किटात आणि बटरमध्ये ते आधीच आहे. तुकडे फ्रीजमधून वाढायच्या वेळीच काढा. पाहुण्यांना नाव-गाव-इतिहास सांगत बसू नका. आणि काही झालं तरी चिवडा करायचा टाळू नका. ट्रे रिकामा झाला तर कुणी विचारत नाही. चिवडा नसला, तर पुढच्या भाऊबीजेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.